विचारून जायची वाट

आमच्या घराचा पत्ता लिहायची वेळ आली की मी अडायचे. हडपसर मागे टाकून कालव्याकडे निघालं की डाव्या हाताला तात्यांचा मळा लागे. तात्या म्हणजे आमचे शेजारी, गावातले जुने बागायतदार. त्यांच्या घरापुढच्या खळ्यातून गाडीवाट आत शिरे, गोठ्याला वळसा घालून चिंचेखालून जाई आणि तिच्या शेवटाला आमची दोन एकरांना थोडी कमी पडणारी जमीन. जमिनीच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या. त्यांत आई, आप्पा आणि मी. शाळेच्या दाखल्यावर आमचा पत्ता ‘तात्यांच्या मळ्यामागे’ एवढाच आहे. आता तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि तिथला पत्ता इंग्रजीत चार ओळींचा असतो. मी तिकडे फारशी जात नाही. मुद्दाम टाळते असं नाही, त्या बाजूच्या रहदारीत शिरायचा आता कंटाळाच येतो.

आम्ही गुलछडी लावत असू. ज्यांनी ती फक्त लग्नाच्या हारात पाहिली आहे त्यांना ते पीक फार नाजूक, देखणं वाटतं. प्रत्यक्षात ते कंबर मोडणारं काम. कळी उमलायच्या आत खुडावी लागते, म्हणून आई तांबडं फुटायच्या आधीच ओटीला कापड बांधून सरीत उतरे. आप्पा करंड्यांत ओलं फडकं अंथरत, फुलं भरत, करंड्या एम-एटी स्कूटरला मागे-पुढे बांधत आणि उजाडताना मंडईच्या वाटेला लागत. फुलाला ऊन लागलं की गिऱ्हाईक तोंड फिरवतं. घरात दिवसभर तो वास असे. पाहुणे म्हणत, काय नशीबवान आहात! मला मात्र भाकरीलासुद्धा गुलछडीचा वास येतो असं वाटे, आणि आईने कांदा घालून तव्यावर सुकट परतली की मगच घर घरासारखं वाटे.

खळ्याच्या तोंडाशी आलं की आप्पा गाडी हळू करत आणि हाक देत, “तात्या, जाऊ का?” गोठ्यातून नाहीतर न्हाणीतून उत्तर येई, “जा की येशवंता. रोज रोज इचारतोयस काय?” हे जाताना एकदा आणि येताना एकदा, बारा महिने. अंगात ताप असला तरी हाक, आणि खळ्यात चिटपाखरू नसलं तरी हाक. लहानपणी मला वाटे, हाक मारली नाही तर एम-एटी पुढे सरकणारच नाही.

त्या हाकेचा इतिहास काही गोड नव्हता. माझ्या पणज्याला ती मारावीच लागे, म्हणजे खळ्यातली माणसं बाजूला होतील आणि त्याची सावली कुणावर पडणार नाही. आज्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्याने जोहार सोडला, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावकीची भाकरी सोडली. हाक तेवढी राहून गेली. आप्पांचं म्हणणं होतं की आता ती पणज्याची हाक नव्हे. “दुसऱ्याच्या अंगणातनं जायचं तर आवाज द्यावा. बायामाणसं असत्यात. ही माणुसकी हाय,” ते म्हणत. आणि तात्याही त्यांच्या बापासारखे नव्हते. म्हैस व्याली की खरवसाचं पातेलं आमच्याकडे येई, आणि सुकटीचा वास सुटला की तात्या घरच्यांची नजर चुकवून आमच्या चुलीपाशी येऊन बसत. आईला मात्र ती हाक कधी मान्य झाली नाही. ती कधीच हाक मारत नसे. डोक्यावर करंडी, मान ताठ, खळ्यातून सरळ चालत जाई. “वाट आपली हाय. आपल्याच वाटंनं जायला कुणाला इचारायचं?” यावर आप्पा हसत. मीही हसे. मी आप्पांच्या बाजूची होते आणि आईला थोडी अडाणी समजत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तात्या गेले त्या वर्षी आमच्या भागात रोज एखादी पांढरी गाडी येऊन उभी राही आणि कुणीतरी तिच्या टपावर नकाशा पसरे. कॉम्प्युटरच्या कंपन्या येणार, त्यांना जागा लागणार, एवढं सगळ्यांना कळलं होतं. कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता. तात्यांचे चिरंजीव बाळासाहेब यांनी मळ्याचा रस्त्याकडचा भाग एका बिल्डरला दिला, तो बिगरशेती करून घेतला, आणि एके दिवशी आप्पा मंडईतून परत येतात तर खळ्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. बाळासाहेब म्हणाले, “माझ्या हातात काय राहिलं नाय, त्या पार्टीशी बोला.” पार्टी कधी भेटली नाही. आम्ही कालव्याच्या बांधावरून ये-जा करू लागलो. बांध एका पावलाएवढा रुंद. त्यावरून गाडी जात नाही. आई आणि आप्पा डोक्यावर करंड्या घेऊन दोन-दोन खेपा करत, मग रस्त्याला ठेवलेल्या एम-एटीवर माल चढे. मंडईत पोचेपर्यंत उन्हं वर आलेली असत आणि आप्पांच्या फुलांना ‘कालचीच का?’ असं विचारलं जाई.

तरी आप्पा लगेच भांडले नाहीत. तात्यांच्या घरात दुखवटा होता. “सुतक असलेल्या घरावर कागद धाडायचा नसतो. वर्ष व्हऊ दे,” ते म्हणाले. वर्ष व्हायला वेळ होता आणि कायद्याला सुतक पाळायची सवय नव्हती. शेताची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण ती अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, हे आम्हाला तलाठ्याकडे गेल्यावर कळलं. तेव्हा चार दिवस उरले होते. वकील शोधायला सवड नव्हती, आणि आप्पांना तशी गरजही वाटली नाही. घरात मी होते ना! मी बारावीला होते, दहावीला मला मराठीत अठ्ठ्याऐंशी मार्क पडले होते आणि तालुक्याच्या निबंध स्पर्धेत पहिला नंबर आला होता. आप्पांनी पाट मांडला, त्यावर फुलस्केप कागद ठेवले आणि म्हणाले, “लिही सुजाता. साहेबाला पटंल असं लिही.”

मी पटेल असं लिहिलं. मला वाटलं, आपण किती सभ्य माणसं आहोत हे साहेबांना आधी कळलं पाहिजे. मग आमच्यावरचा अन्याय आपोआप उठून दिसेल. मी लिहिलं, ‘आम्ही सदर वाटेने पूर्वापार, शेजाऱ्यांना नम्रपणे विचारून व त्यांच्या प्रेमळ संमतीने ये-जा करीत आलो आहोत.’ ‘प्रेमळ’ हा शब्द सुचला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आप्पांनी अर्ज माझ्याकडून वाचून घेतला, डोळे मिटून ऐकला आणि खाली सही केली. आईने चुलीजवळून विचारलं, “मी तर कधी इचारलं नाय, ते लिवलं का?” मी म्हटलं, “आई, अर्जात असलं काही लिहायचं नसतं.”

अर्ज वेळेत दाखल झाला. पुढे काय करायचं हे विचारायला आप्पा मला घेऊन शनिवार पेठेत एका निवृत्त भाऊसाहेबांकडे गेले. त्यांची उभी हयात महसूल खात्यात गेली होती आणि मंडईतल्या ओळखीने ते गरिबांना फुकट सल्ला देत. फुकट असल्यामुळे तो गोड असण्याचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. त्यांनी अर्जाची नक्कल वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

“मुलीनं,” आप्पा कौतुकाने म्हणाले.

“मराठीत किती मार्क?”

“अठ्ठ्याऐंशी,” मी सांगितलं.

“वाटलंच. थोडे कमी असते तर बरं झालं असतं.”

मग त्यांनी आम्हाला बसवून नीट समजावलं. विरुद्ध बाजू दोन गोष्टी म्हणेल. पहिली, मळ्याची ती जमीन आता शेतीची नाही, तेव्हा तहसीलदारांना अधिकारच नाही, यांनी दिवाणी कोर्टात जावं. “दिवाणीत गेलात तर हिच्या मुलीच्या लग्नात निकाल हाती पडेल. तेव्हा तिकडे ढकलू देऊ नका. वाट ज्या जमिनीकडे जाते ती शेती आहे, हे महत्त्वाचं. काय वाटेल ते झालं तरी शेत पडीक ठेवू नका. उताऱ्यावर पीक दिसलं पाहिजे.”

“आणि दुसरी?” आप्पांनी विचारलं.

“दुसरी आपल्या कन्येने त्यांना आयती लिहून दिली आहे. अहो, हक्काच्या वाटेने जाणारा माणूस विचारत नाही. विचारून गेलात म्हणजे त्याने जाऊ दिलं म्हणून गेलात. उद्या तो नको म्हणाला की संपलं. तुमचा जबाब घेतील तेव्हा एवढंच सांगा, पोरीने लिहिलं, मी नीट वाचलं नव्हतं, आम्ही कधी कुणाला विचारलं नाही. तुमच्या तोंडचा जबाब आहे, तो धरला जाईल. तुमचे तात्या काही वरून साक्षीला येत नाहीत.”

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते. मला रडू येत होतं आणि भाऊसाहेबांचा रागही येत होता, पण ते बरोबर बोलत होते हेही कळत होतं.

त्यानंतरचे महिने मला एका लांबलचक दुपारसारखे आठवतात. तारीख पडे, आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कचेरीत जात, कधी साहेब दौऱ्यावर, कधी समोरचे वकील गैरहजर, आणि आप्पा शर्ट काढून पुन्हा खुंटीला लावत. तोच शर्ट पुढच्या तारखेला चाले. शेत पडीक ठेवायचं नव्हतं म्हणून आम्ही खुरपत होतो, पाणी देत होतो, कंद लावत होतो. पण जेवढं पिके तेवढं बांधावरून बाहेर काढता येईना. निम्मी फुलं दांड्यावरच उमलत आणि तपकिरी पडत. सडक्या गुलछडीचा वास कसा असतो ते ज्यांना ठाऊक नाही त्यांनी सुखी राहावं. आई एकदा सरीत उभी राहून म्हणाली, “हाराला नाय, लग्नाला नाय, आपण कचेरीसाठी फुलं लावतोय.” तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. ती दमली होती.

संध्याकाळी मी आप्पांकडून जबाब पाठ करून घेई. “म्हणा, आम्ही कधी कुणाला विचारलं नाही.” आप्पा दोराला पीळ देत असत, नाहीतर विळ्याला धार लावत असत. “बघू,” म्हणत. “बघू नाही आप्पा, म्हणून दाखवा.” ते मान हलवत. एकदाही त्यांनी ते वाक्य तोंडातून काढलं नाही. हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

अखेर साहेब स्वतः येऊन वाट बघून गेले, पंचनामा झाला आणि जबाबाची तारीख लागली. आम्ही तिघंही गेलो. आईला कारकुनाने बाहेर व्हरांड्यात बसवलं, कारण अर्जात तिचं नाव नव्हतं. मी अर्ज लिहिला म्हणून मला आत येऊ दिलं. साहेब मध्यमवयीन होते, सर्दीने बेजार, रुमाल मुठीत धरून ऐकत होते. समोरच्या वकिलांनी पहिला मुद्दा मांडला, भाऊसाहेब म्हणाले होते तसाच. जमीन बिगरशेती, या कचेरीला अधिकार नाही. साहेबांनी आमचा उतारा मागवला, पंचनामा चाळला आणि म्हणाले, “वाट जाते ती जमीन पिकाखाली आहे. फुलं मी स्वतः पाहिली आहेत. हे माझ्यापुढे चालेल.” आप्पांनी माझ्याकडे बघितलं. इतके महिने सडवलेली फुलं कामी आली होती. मला वाटलं, आता जिंकलोच.

मग वकिलांनी माझं वाक्य वाचलं. ‘नम्रपणे’ आणि ‘प्रेमळ’ या शब्दांवर ते थोडे रेंगाळले. मला जमिनीत जावंसं वाटलं. साहेबांनी आप्पांना विचारलं, “अर्ज तुम्ही लिहिलात?”

“नाय साहेब. ह्या माझ्या मुलीनं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. आप्पांना वाट काढून द्यावी असं त्यांनाही वाटत असावं, कारण ते सावकाश, शब्द सुटे करून म्हणाले, “मुलगी लहान आहे. लिहिण्यात तिची काही चूक झाली असेल, तुम्ही वाचलं नसेल, तर आत्ता सांगा. तसं नोंदवून घेतो.”

मी मनातल्या मनात ते पाठ केलेलं वाक्य म्हणत होते. आप्पांनी शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या.

“चूक नाय साहेब. माझी मुलगी खोटं लिवत नाय. मी तात्यांना रोज इचारूनच जायचो. आणि तात्या कधी नाय म्हणले नाहीत, ते पण लिवून घ्या.”

तेही लिहून घेतलं गेलं. आप्पांनी खाली सही केली आणि आम्ही बाहेर आलो. आई उठून उभी राहिली, पदर सारखा केला. “काय झालं?”

“खरं हुतं ते सांगितलं,” आप्पा म्हणाले.

“तुमचं खरं सांगितलं,” आई म्हणाली. “मी तेवीस वर्सं न इचारता गेले त्या वाटंनं. ते पण खरंच हाय की. मला कुणी इचारलं?”

मी पुढे सरकारी नोकरीत लागले. दुसऱ्यांच्या अर्जांवर टिपणं लिहिण्यात माझी सगळी वर्षं गेली. साध्या वाक्यात ‘प्रेमळ’ असलं विशेषण दिसलं की अजूनही मी ते वाक्य पुन्हा वाचते. व्हरांड्यात बसलेली बाई दिसली तर मी आत बोलावून तिला विचारते. सहकारी हसतात. हसू देत.

निकाल विरुद्ध गेला. ‘ये-जा परवानगीने होती हे अर्जदाराने स्वतः मान्य केले आहे,’ असं त्यात होतं. आप्पा कागद घेऊन पुन्हा शनिवार पेठेत गेले, या वेळी एकटेच. भाऊसाहेब खूप बोलले असणार, पण आप्पांनी घरी येऊन कामाचं तेवढंच सांगितलं. तहसीलदारांच्या वर प्रांतसाहेब असतात, त्यांच्याकडे दाद मागता येते. घरची बाई वर्षानुवर्षं न विचारता जात होती हा मुद्दा मोठा आहे, तिचा जबाब घ्या असं मागावं. अर्जात तो नीट मांडला तर वाट परत मिळू शकते. मुदत मात्र थोडी आहे.

त्यांनी नवे फुलस्केप कागद आणले होते. ते पाटावर ठेवून म्हणाले, “बस सुजाता. तुझ्या आईचं लिही.”

मी म्हटलं, परीक्षा जवळ आली आहे. ती आली होती, हे खरं. पण ते खरं कारण नव्हतं. पेन हातात धरला की मला ते वकील माझं वाक्य वाचताना ऐकू येत. मी म्हटलं, “भाऊसाहेबांकडून लिहून घ्या ना. नाहीतर कचेरीपुढे अर्ज लिहून देणारे बसतात.” आप्पा म्हणाले, “तूच लिही. परीक्षा झाल्यावर बस.” मी आधी भौतिकशास्त्राचं, मग गणिताचं नाव पुढे केलं. कागद पाटावरच होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून आप्पांनी त्यांवर विळा ठेवला होता. आई झाडताना पाट उचलून बाजूला ठेवी आणि पुन्हा जागेवर ठेवी. दोघांपैकी कुणी मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर कदाचित मी लिहिलं असतं. पण हेही आपलं आता म्हणायला सोपं. मी लिहायला हवं होतं. आईचं तेवढं एकच खरं होतं, चार ओळींत मावलं असतं, आणि ते लिहिणारं घरात मीच होते.

आप्पांनी दुसऱ्या कुणाकडून अर्ज लिहून घेतला नाही. त्या पावसाळ्यानंतर जमीन त्याच बिल्डरला गेली. वाट नसलेल्या जमिनीला दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही. पण मला आठवतो तो मुदत संपल्यानंतरचा सकाळचा प्रहर. माझा शेवटचा पेपर होऊन गेला होता आणि मी उशिरापर्यंत अंथरुणात पडून होते. आप्पांनी विळा बाजूला केला, कागदांवरची धूळ पंच्याने पुसली, कडा सारख्या केल्या आणि ते माझ्या पिशवीत सरकवले.

“कोरंच हायत,” ते म्हणाले. “कालिजात कामाला येतील तुला.”